आप्तेष्टांना चर्चमध्ये बोलावताना या चुका टाळा

भुसावळ असो, जळगाव असो की नवापूर, उपासनेच्या शेवटी पाळकांनी "पुढच्या रविवारी प्रत्येकाने एकेकाला घेऊन यावे" असे सांगितले की मंडळी मान डोलावते, आणि पुढच्या रविवारी बाकांवर बहुधा तीच माणसे बसलेली असतात. विश्वास कमी पडला म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. बोलावणे हे पाळकांचे काम आहे असा समज आपल्यात खोल रुजलेला आहे, आणि जे मनापासून बोलावतात त्यांच्याही पद्धतीत काही चुका असतात, ज्यांमुळे समोरच्याला 'येतो' म्हणणे अवघड होते.

पहिली चूक बोलावण्याच्या आधीच घडते. 'मला शास्त्र नीट येत नाही, कोणी प्रश्न विचारला तर काय उत्तर देऊ' या धास्तीने अनेक जण वर्षानुवर्षे गप्प राहतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात फिलिप्पाची येशूशी ओळख नुकतीच झालेली आहे. नथनेल जेव्हा नासरेथाविषयी शंका काढतो, तेव्हा फिलिप्प वाद घालत नाही, तो एवढेच म्हणतो, "येऊन पाहा." त्याच अध्यायात अंद्रिया आपला भाऊ शिमोन याला शोधून येशूकडे आणतो. शंकांचे समाधान करणारे मंडळीत इतर असतात. सोबत घेऊन जाण्याचे काम मात्र ज्याची ओळख आहे तोच करू शकतो.

दुसरी चूक म्हणजे व्हॉट्सअॅपच्या गटात कार्यक्रमाचे चित्र टाकून कर्तव्य पार पडले असे मानणे. आपल्या खान्देशात लग्नाची पत्रिका नुसती पोहोचली आणि कोणी घरी येऊन सांगितले नाही, तर सख्खे नातेवाईकसुद्धा रुसतात. मग अनोळखी ठिकाणच्या उपासनेला माणूस केवळ चित्र पाहून कसा येईल? एकाच माणसाकडे जावे, त्याच्याच बोलीत, मग ती अहिराणी असो, भिली असो वा मावची, त्याला सांगावे, आणि "मनासंगे चाल" असे म्हणून रविवारी सकाळी त्याला घ्यायला स्वतः जावे.

दिवस निवडतानाही विचार करावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरांत कानबाई या देवीची स्थापना असते आणि सारे भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी एकत्र जमलेले असतात. त्या रविवारी अख्रिस्ती नातलगांना बोलावणे म्हणजे त्यांना घर आणि तुम्ही यांत निवड करायला लावणे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी-बहिणींच्या बाबतीतही तेच. कापूस वेचणी ऐन भरात असताना शेतकरी कुटुंबाला सवड नसते. नाताळ सोयीचा वाटतो, परंतु त्या दिवशी बोलावणारा स्वतःच गाण्याच्या पथकात किंवा जेवणाच्या व्यवस्थेत गुंतलेला असतो आणि पाहुणा गर्दीत हरवतो. म्हणून पहिल्या भेटीसाठी साधा रविवार किंवा कोणाच्या घरची प्रार्थनासभा मला अधिक योग्य वाटते.

सर्वांत गंभीर चूक आमिषाची आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. "चर्चमध्ये ये, आजार नक्की बरा होईल", "मुलाच्या शाळेचे बघू", "कर्ज फिटेल" अशी आश्वासने देणारा माणूस ज्याचे वचन देण्याचा त्याला अधिकार नाही ते देतो, आणि आजार बरा झाला नाही की ज्याला बोलावले तो मित्र आपल्यालाच नव्हे तर देवालाही खोटे समजतो. प्रार्थना जरूर करावी. औषध बंद करायला कधीही सांगू नये. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टेनिसलॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. वाढदिवस म्हणून बोलावून संदेश ऐकवणे, आईवडिलांना न विचारता शेजाऱ्यांची मुले शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात, नेणे, सासरच्यांना अंधारात ठेवून एखाद्या सुनेला सभेला आणणे, हे सारे कटाक्षाने टाळावे. उपासना आहे, गीते असतील, वचन वाचले जाईल, संदेश होईल आणि साधारण किती वेळ लागेल, हे आधीच सांगावे. त्यांच्या देवदेवतांची निंदा तर मुळीच करू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेविषयी उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगितले आहे.

पाहुणा आला, पण पुन्हा आला नाही, असे झाल्यास त्या दिवशी काय घडले ते आठवून पाहावे. बहुतेक वेळा बोलावणारा पुढे जाऊन बसलेला असतो आणि पाहुणा दाराजवळ एकटाच असतो. चपला कुठे काढायच्या, केव्हा उभे राहायचे, गीताचे पुस्तक कसे उघडायचे, यांतले त्याला काहीच ठाऊक नसते. त्याच्या शेजारीच बसावे. दानार्पणाची थैली फिरेल तेव्हा त्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही, आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, बाप्तिस्मा घेतलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी असल्यामुळे ते न घेण्यात संकोच वाटू नये, हे त्याला घरूनच सांगून ठेवावे. सर्वांसमोर उभे करून ओळख करून देण्याची पद्धत प्रेमापोटी पडली असली, तरी लाजऱ्या माणसाला ती जड जाते. उपासनेनंतर त्याला चहाला घरी न्यावे आणि 'कसे वाटले' एवढेच विचारून त्याचे बोलणे ऐकावे.

नकार आला तर घाई करू नये. ज्यांची गीते आपण आजही गातो त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १९०० साली. एकाच घरातही पाच वर्षे लागली. 'येत नाही' म्हणणाऱ्या भावाच्या घरी कापूस भरायला, आजारपणात रात्र काढायला, दहाव्याला बसायला आपण पूर्वीसारखेच जात राहावे, चर्चचा विषय दर भेटीत काढू नये, आणि त्याने स्वतःहून काही विचारले किंवा घरी आनंदाचा प्रसंग आला, तर पुन्हा एकदा मोकळेपणाने बोलवावे.