खलनायकाला आधी कामाला लावा

जत्रेच्या नाटकांत मी अठरा वर्षं खलनायक रंगवला. मिशी चिकटवायची, कोकमाच्या पाण्याने भरलेली दारूची बाटली हातात घ्यायची आणि दुसऱ्या अंकात नायिकेचा हात धरायचा. लोक शिव्या घालत, मला वाटे भूमिका जमली. मग एका वर्षी पेडण्याकडे दशावतार बघायला गेलो. संकासुर आला. अंगभर काळं, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा दैत्य, विष्णूच्या हातून मरायलाच आलेला. पण पुढे बसलेली पोरं त्याला बघून आईच्या पदराआड लपत होती आणि तो बोलायला लागला की खिदळत परत बाहेर येत होती. माझ्या मिशीला अठरा वर्षांत हे जमलं नव्हतं.

आता मी गुन्हेमालिकांचे भाग लिहून देतो आणि साखळी-डिचोलीकडची नाटकवेडी मुलं आपापल्या संहिता वाचायला पाठवतात. बहुतेकांचा खलनायक येतो, हसतो आणि कुणाच्या तरी कानफटात मारतो. मी एवढंच विचारतो, हा माणूस सकाळी दहा वाजता काय करतो? उत्तर नसेल तर पुढचं वाचत नाही.

गोव्यातला खलनायक म्हटलं की सगळ्यांना कॅसिनो आठवतो. जरा घराकडे बघा. २०२२ साली इथे जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. मालक परदेशी गेलेला किंवा वारस न ठेवता वारलेला, आणि कुणीतरी पोर्तुगीज काळातले म्हणून खोटे जुने कागद पुढे करून जमीन आपल्या नावावर चढवलेली. यात पिस्तूल नाही, पाठलाग नाही. तरी मला यातूनच माझा सगळ्यात चांगला खलनायक मिळाला: निवृत्त लेखनिक, पोर्तुगीज वाचणारा, अक्षर मोत्यासारखं.

त्याचा पहिला प्रसंग मी असा लिहिला. तो पडवीत बसलाय. समोर जुनी हिशेबाची वही. तिच्यातली मागची कोरी पानं तो पट्टी लावून हळूच काढतो, कारण तेवढा जुना कागद बाजारात मिळत नाही. आधी रद्दी पेपरवर टाक चालवून बघतो. मग मेलेल्या माणसाची सही काढतो, कागद उलटा धरून, म्हणजे अक्षर वाचलं जात नाही, नुसती रेघ दिसते. शेवटी तारीख. १९ लिहितो, ६ लिहितो, आणि पुढे सवयीने २ काढायला हात जातो. पोर्तुगीज तर १९ डिसेंबर १९६१ लाच गेले! टाक कागदाच्या वर थांबतो.

त्या क्षणी बघणारा मनात ओरडतो, ‘अरे, चुकशील!’ तो त्याच्या बाजूने झाला. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. माणूस वाईट आहे हे प्रेक्षकाला कळतंच, ते पुन्हापुन्हा सांगू नका. त्याचं काम दाखवा, बारकाईने दाखवा, आणि ते फसता फसता राहू द्या. हात हुशार असला की बघणारा नकळत त्या हाताचा साथीदार होतो आणि मग स्वतःलाच चपापतो.

(हा प्रसंग एका निर्मात्याने कापला. जागी थप्पड आली, ढोल वाजले. असो.)

कमी बोलण्याचा धडा हवा असेल तर ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनचा, २०११ चा, पहिला भाग बघा. अमली पदार्थांचा धंदा चालवणारा गस फ्रिंग आपल्या प्रयोगशाळेत येतो, अंगावरचे कपडे नीट काढून संरक्षक पोशाख चढवतो आणि एक शब्द न बोलता आपल्याच माणसाचा गळा कापतो. मग धुतो, पुन्हा नीटनेटके कपडे घालतो आणि जाताना कामाला लागायला सांगतो. त्याच्यासमोर वॉल्टर, त्याच्यासाठी माल बनवणारा मालिकेचा नायक, जिवाच्या आकांताने बोलत असतो. भीती गप्प बसलेल्या माणसाची वाटते. आमच्या नाटकांत नेमकं उलट, खलनायकालाच सगळ्यात लांब भाषण!

लहानपणचा अन्याय, दारुडा बाप वगैरे दोन ओळींत आटपा, नाहीतर गाळा. पोलीस मात्र बावळट ठेवू नका. माझ्या लेखनिकाला पकडणारी उपनिरीक्षक कागदाचा वास घेते, शाई उजेडात धरते. ती त्याच्याइतकीच चिवट आहे, म्हणूनच त्याची हुशारी खरी वाटते.

आणि ज्याचं नुकसान होतं तो माणूस पडद्यावर हवाच. नाहीतर तुम्ही चोराची आरती करून मोकळे व्हाल. माझ्या तिसऱ्या भागात एक म्हातारी बाई मामलेदार कचेरीत एक-चौदाचा, म्हणजे आपल्या जमिनीचा, उतारा काढायला येते. पावसाळा, छत्र्या गळताहेत, रांग दारापर्यंत. तिला अर्ज भरता येत नाही. शेजारी उभा असलेला सद्गृहस्थ चष्मा पुसतो, तिच्या हातातून कागद घेतो आणि सुंदर अक्षरात सगळं भरून देतो. सर्व्हे नंबर तिला आठवत नाही. तो न विचारता लिहितो.

“बाय, इथे सही कर,” तो म्हणतो. ती हळूहळू सही करते आणि तो एकटक तिच्या बोटांकडे बघत राहतो.