सी भाषेचा सबसेट वापरताय? या चुका टाळा

गाडीच्या ब्रेकचं किंवा एअरबॅगचं सॉफ्टवेअर लिहिताना सी भाषा हवी तशी वापरता येत नाही. १९९८ साली ब्रिटनच्या वाहन उद्योगातून मिस्रा सी ही नियमावली आली. भाषेतला धोकादायक भाग टाळून उरलेला छोटा भाग, म्हणजे सबसेट, कसा वापरायचा ते ती सांगते. तेव्हा तिच्यात १२७ नियम होते. २०१२ च्या आवृत्तीत १४३ नियम आणि १६ डिरेक्टिव्ह, म्हणजे व्यापक सूचना, झाले. पुण्यात ऑटोमोटिव्ह कोड लिहिणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. तेव्हा मोठ्या भाषेचा छोटा सबसेट टिकतो का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: टिकतो. टीममध्ये तो लावताना मात्र ठरावीक घोळ होतात.

वॉर्निंग घालवायला कास्ट ठोकणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. समजा, १६ बिटी अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेली) अशी दोन व्हेरिएबल्स आहेत आणि त्यांचा गुणाकार ३२ बिटी व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आहे. कोड तपासणारं टूल मिस्राचा नियम १०.६ दाखवून कुरकुरतं. रिलीज उद्यावर आलेला माणूस अख्ख्या गुणाकाराला कंस घालतो आणि बाहेरून ३२ बिटांचा कास्ट, म्हणजे प्रकार बदलायचा आदेश, चिकटवतो. पण जे बिघडायचं ते कंसाच्या आत आधीच बिघडलेलं असतं. इंट (सीचा साधा पूर्णांक) १६ बिटी असलेल्या कंट्रोलरवर वरचे बिट केव्हाच गळालेले असतात. इंट ३२ बिटी असेल तर आणखी वाईट. तिथे दोन्ही संख्या आधी साइन्ड (ऋण-धन दोन्ही चालणारे) इंट होतात. ६५,५३५ गुणिले ६५,५३५ म्हणजे ४,२९,४८,३६,२२५ आणि साइन्ड इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पुढे काय व्हायचं ते होवो, सीचं स्टँडर्ड हात वर करून मोकळं होतं.

उपाय एवढाच: कास्ट आतल्या एका संख्येला लावा, म्हणजे गुणाकारच ३२ बिटांत होईल. बाहेरच्या कास्टला पकडायला १०.८ हा नियम आहेच. तरीही त्यावर दोन ओळींचं डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडण्याची लेखी सूट, लिहून तो बंद केलेला दिसतो. अशा डेव्हिएशनवर सही करणाऱ्याने एकदा तरी सगळ्यांत मोठ्या किमती घालून टेस्ट चालवावी.

सल्ल्याला हुकूम समजणं

फंक्शनला शेवटी एकच रिटर्न असावा, हा नियम १५.५ मिस्राच्या २०१२ च्या आवृत्तीत ॲडव्हायझरी, म्हणजे नुसता सल्ला होता. काही टीम तो सक्तीचा करतात, मग इफच्या आत इफ, त्यात आणखी इफ आणि सोबत 'ओके' नावाचा एक फ्लॅग. वाचणारा वैतागतो, बग मात्र तिथेच राहतो. २००४ च्या आवृत्तीत गोटूवर, म्हणजे कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी मारणाऱ्या आज्ञेवर, सक्त बंदी होती. २०१२ मध्ये ती सल्ल्यावर आली आणि उडी पुढेच मारावी, अशा अटी लागल्या. नियम करणारेच सैल झाले, तर आपण कशाला ताठ राहायचं?

फक्त स्वतःचा कोड तपासणं

मॅलॉक (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) वापरायचं नाही असं ठरलं, तुमच्या फाइलींमध्ये ते कुठेही नाही, टूलही खूश. तरी मॅप फाइल, म्हणजे अंतिम प्रोग्राममध्ये काय काय आलं त्याची यादी, उघडून पाहा. न्यूलिब या सी लायब्ररीचा प्रिंटएफ आतून मॅलॉक बोलावतो आणि कोडचे तुकडे जोडणारा लिंकर ते गुपचूप घेऊन येतो. सी प्लस प्लसमध्ये एक्सेप्शन (चूक झाली की ती वर कळवायची सोय) बंद करणाऱ्यांचंही तेच होतं. लायब्ररीतल्या व्हेक्टर या यादीच्या 'ॲट'ला चुकीचा इंडेक्स दिला की एक्सेप्शन फेकायला जागा नसते आणि प्रोग्राम तिथल्या तिथे मरतो. म्हणून ऑडिट बिल्ड झाल्यावर, अंतिम इमेजवरही करा.

जुन्या कोडवर शेवटच्या आठवड्यात टूल चालवणं

हजारो वॉर्निंग येतील आणि घाईघाईत केलेल्या दुरुस्त्यांमधून नवे बग शिरतील. नव्या फाइलींपासून सुरू करा.

नुसती काटछाट करणं

स्वतःचा सबसेट बनवायची हौस असेल तर एम्बेडेड सी प्लस प्लस या सी प्लस प्लसच्या सबसेटचं काय झालं ते आधी पाहा. नव्वदच्या दशकात जपानी चिप कंपन्यांनी टेम्प्लेट, एक्सेप्शन, नेमस्पेस, मल्टिपल इनहेरिटन्स अशा भाषेच्या बऱ्याच सोयी काढून टाकल्या. नेमस्पेस म्हणजे नावांची नुसती गटवारी, तिचा प्रोग्राम चालताना (रनटाइमला) काही खर्च नसतो, तरी त्याही गेल्या. पुढे एका कंपायलरवाल्यांना टेम्प्लेट परत घालून 'एक्स्टेंडेड' आवृत्ती काढावी लागली.

त्याउलट एडा या भाषेचा सबसेट असलेली स्पार्क. तिने सुरुवातीला पॉइंटरच (मेमरीतले पत्ते ठेवणारी व्हेरिएबल्स) काढून टाकले, म्हणजे काटछाट कमी नव्हती. पण त्या बदल्यात रनटाइम एरर येणारच नाही, हे गणिताने सिद्ध करता येतं. ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणात तिचा कोड चालतो. नंतर ओनरशिपच्या, म्हणजे कोणत्या मेमरीचा मालक कोण या नियमांसह पॉइंटर परत आले, तेही सिद्धता शाबूत ठेवून. माझ्या मते सबसेट जगतो तो याच कारणाने. प्रोग्रामरकडून काही काढून घेतलं तर त्याच्या हातात काही पडलंही पाहिजे.

नव्याने यादी करत असाल तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये मांडलेले १० नियम समोर ठेवा. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही, प्रत्येक लूपला ठरावीक मर्यादा, इनिशियलायझेशननंतर मेमरी मागायची नाही. प्रत्येक नियमापुढे तो कोणतं टूल तपासणार ते लिहा. ज्याच्यापुढची जागा रिकामी राहील तो यादीतून काढा, किंवा रिव्ह्यूमध्ये तो कोण पाहणार त्याचं नाव लिहा.