उस्मानाबादी शेळीपालन: करडं जगवायची कशी

शेळीपालनाचा हिशेब मांडताना लोक शेळ्या मोजतात. मी विक्रीच्या वयाला पोचलेली करडं मोजते. शंभर शेळ्या, वर्षाला दोन वेतं, प्रत्येक वेताला दोन करडं, हा गुणाकार मोबाइलवरच्या व्हिडिओत फार छान दिसतो. मुळात शेळी वर्षातून दोनदा नफ्यात वीत नाही. पाच महिने गाभणकाळ आणि पाजण्याचे तीन महिने धरले, तर नीट सांभाळलेल्या शेळीची दोन वर्षांत तीन वेतं होतात. आणि जन्मलेलं प्रत्येक करडू बाजारापर्यंत पोचत नाही, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

म्हणून बाकीचं इथं थोडक्यात उरकते. व्यायच्या आधीचा एक महिना आणि नंतरचे तीन महिने, एवढ्यावर मात्र सविस्तर लिहिते. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच चार महिन्यांनी.

शेळ्या घेणं

मराठवाड्यात उस्मानाबादीच घ्या. धाराशिव, तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मूळ पट्टा. बहुतेक काळी, ऊन सोसणारी, बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावरही तग धरणारी, आणि जुळी देणारी. बीटल, सोजत, बोअरचा संकर अशा बाहेरच्या जातींची हौस पहिल्या दोन वर्षांत करू नका.

आठवडी बाजारातून कळप गोळा करू नका. दहा गावांच्या शेळ्या एकत्र उभ्या असतात आणि कुणाच्या नाकातून काय गळतंय ते व्यापारी तुम्हाला सांगणार नाही. खेड्यात, मालकाच्या दारात जाऊन घ्या. दोन किंवा चार दाती, म्हणजे तरुण शेळी बघा, कास हाताने चाचपा, दोन्ही सडांतून दूध काढून बघा आणि तिची आई जुळी देत होती का ते विचारा. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं अंबाजोगाई, तुळजापूरजवळ तीर्थ आणि मुखेड इथं आहेत. बोकड तिथून मिळाला तर उत्तम. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. दोन वर्षांनी तो बदलाच, नाहीतर स्वतःच्याच पाटींना, म्हणजे वयात आलेल्या मादी करडांना, तो लागतो आणि पुढची पिढी खुरटते. नवीन आलेलं कुठलंही जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं.

सुरुवात दहा शेळ्या आणि एक बोकड अशी करा. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं पन्नास टक्के अनुदान १०० शेळ्या अधिक ५ बोकडांच्या गटापासून सुरू होतं, म्हणून शंभरानंच सुरुवात करणारे लोक मी बघितलेत. ज्याला दहा शेळ्यांची करडं जगवता येत नाहीत, त्याला अनुदान वाचवू शकत नाही.

गोठा आणि चारा

पूर्व-पश्चिम लांबीचा गोठा, मोठ्या शेळीमागे दहा चौरस फूट छप्पर आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार. खाली मुरूम. पत्र्यावर उन्हाळ्यात तुरकाट्या किंवा पाचट टाका. प्लास्टिकच्या जाळीची उंच माची आपल्या कोरड्या मुलखात बहुतेकांना लागत नाही. तो पैसा चाऱ्यात घाला.

सोयाबीन, तूर, हरभरा यांचं भुसकट आपल्याकडे पडून असतं. बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावा, पण सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. पावसाचा ताण बसलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी दिसली की शेळ्या तिकडं फिरकू देऊ नका. किराळ, म्हणजे अशा ज्वारीची विषबाधा, लागली की डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही.

बोकड बांधून ठेवायचे दिवस

मोकळा बोकड कळपात वर्षभर फिरवणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी सवय. त्यानं करडं वर्षभर कधीही जन्मतात, आणि श्रावण-भादव्यात जन्मलेली चिखलात, माश्यांत, ओल्या हवेत सापडतात. महाशिवरात्रीपासून हनुमान जयंतीपर्यंत बोकड वेगळा बांधा. पाच महिने पुढे मोजलं, तर जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतची वेतं टळतात. जूनमध्ये लागलेली शेळी दिवाळीच्या आसपास विते. तेव्हा पाला भरपूर असतो आणि जमीन वाळलेली असते. माज दर एकवीस दिवसांच्या आसपास येतो आणि एक-दीड दिवस टिकतो. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी बोकड दाखवा. तारीख वहीत लिहा. ही तारीख नसेल तर पुढचं काहीच वेळेवर करता येत नाही.

शेवटचा महिना

गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमकं याच वेळी घरातली जुनी माणसं सांगतात, "जास्त खाऊ घालू नको, करडू मोठं होईल आणि अडेल." ऐकू नका. पोटात जुळी असताना शेळीला चारा कमी पडला, तर ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते, मग खाणं सोडते आणि मान टाकते. अशी शेळी वाचली तरी करडं दुबळी निघतात. या महिन्यात पाव किलो खुराक रोज, सकाळ-संध्याकाळ विभागून: मका भरडा, थोडी सरकी पेंड, चिमूटभर मीठ आणि क्षार मिश्रण. दूध काढत असाल तर व्यायच्या दोन महिने आधी ते पूर्ण बंद झालेलं हवं.

दुसरं काम म्हणजे आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन जनावर अचानक मरतं त्या रोगाची लस. व्यायच्या साधारण एक महिना आधी ती टोचली की तिची शक्ती चिकातून करडांना मिळते. आणि जंताचं औषध डॉक्टरला विचारूनच द्या. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात दिलं, तर गर्भाला धोका असतो. दुकानदार "सगळ्यांना चालतं" म्हणतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

व्याल्यावरचा पहिला तास

शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले, कास ताणली, शेळी कळपापासून बाजूला जाऊन पाय आपटायला लागली, की तिला कोरड्या जागी न्या आणि दूर बसा. पुढचे दोन पाय आणि त्यावर नाकाड दिसलं तर सगळं ठीक आहे, ओढाओढ नको. पाणमोट फुटून तासभर कळा देऊनही काही पुढे सरकत नसेल, तर डॉक्टरला फोन.

करडू बाहेर पडलं की नाका-तोंडातला चिकटा पुसा, कोरड्या गोणपाटानं अंग चोळा आणि ते आईपुढं ठेवा. ती चाटते, त्यातच ते तिचं होतं. नाळ पोटापासून दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधा, खालून नव्या ब्लेडनं कापा आणि उरलेला तुकडा टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पुढचे दोन-तीन दिवसही लावा. राख, हळद, शेण यांतलं काही नको. नाळेतून शिरलेला जंतू आठवड्याभरानं सांध्यांवर सूज होऊन दिसतो, आणि तेव्हा लोक "करडू लंगडतंय, मुरगळलं असेल" म्हणून तेल चोळत बसतात.

आता चीक. "वार पडल्याशिवाय करडाला चीक पाजायचा नाही," हे मराठवाड्यातल्या गावागावांत आजही ऐकू येतं, आणि माझ्या मते या एका समजुतीनं जेवढी करडं मारली तेवढी कुठल्या रोगानं मारली नसतील. शेळीची वार, म्हणजे करडामागून बाहेर पडणारं गर्भाचं वेष्टण, आईची रोगप्रतिकारशक्ती गर्भापर्यंत पोचू देत नाही. करडू जन्मतं ते अगदी उघडं. ती शक्ती त्याला फक्त चिकातून मिळते, आणि आतडं ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकतं ते पहिल्या काही तासांतच. चोवीस तासांनी तो मार्ग बंद होतो. मग कितीही दूध पाजा, पोट भरेल पण तो चीक परत मिळणार नाही. उलट करडू कास ओढायला लागलं की गर्भाशय आवळतं आणि वार लवकर पडते. म्हणजे जिची वाट बघत चीक थांबवला, ती चीक पाजल्यानंच सुटते.

अर्ध्या तासात, फार तर एका तासात पहिला घोट पोटात गेला पाहिजे. आधी दोन्ही सडांतून एक-दोन धारा काढून टाका, कारण सडाच्या तोंडाशी मेणासारखा बोळा बसलेला असतो. अशक्त करडाला तो निघत नाही आणि ते नुसतं चोखत राहतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं की पितंय. पोट हातानं चाचपा: भरलेलं पोट कळतं.

प्रमाण वजनाच्या दहा टक्के. सव्वादोन किलोच्या करडाला पहिल्या चोवीस तासांत साधारण सव्वादोनशे मिलिलिटर, चार वेळा विभागून. जुळ्यांत धट्टंकट्टं असतं ते दोन्ही सड रिकामे करतं, म्हणून बारकं आधी लावा. तिळं झाली तर तिसरं हमखास उपाशी राहतं. त्याला त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीखाली लावा किंवा बाटलीनं पाजा. भरपूर चीक देणारी शेळी असेल तर थोडा काढून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरून वितळवा. चुलीवर ठेवला तर त्याचा खरवस होतो, औषध राहत नाही.

एक गोष्ट दोनदा वाचा. करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर त्याला लगेच पाजू नका. गारठलेलं करडू गिळत नाही, आणि जबरदस्तीनं ओतलेला चीक फुप्फुसात जातो. आधी ऊब द्या: टोपलीत गोणपाट, वर हातभर उंचीवर साठ वॅटचा बल्ब, किंवा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना. बल्बच्या आसपास कडबा नको आणि गोठ्यात शेकोटीचा धूरही नको. तोंड उबदार झालं, चोखायची हालचाल आली, की मग पाजा, डोकं त्याच्या नेहमीच्या उंचीवर ठेवून. मान वर ताणून चमच्यानं ओतणारे लोक दोन दिवसांनी "निमोनिया झाला" म्हणून येतात. परभणी-नांदेडकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रात्री व्यालेल्या शेळीचं करडू असंच गार सापडतं, म्हणून तारीख जवळ आलेल्या शेळीला पहाटे एकदा उठून बघाच.

वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. तिला दगड किंवा चप्पल बांधून ओढायची नाही. पडलेली वार उघड्या हातानं उचलू नका, पिशवी किंवा हातमोजे घालून खोल पुरा. शेळीचा गर्भपात झाला असेल तर हे जास्तच पाळा. गर्भपात घडवणारा रोग माणसालाही लागू शकतो.

तिसऱ्या आठवड्यापासून

पहिला आठवडा निघाला की माणूस निर्धास्त होतो, आणि तीन-चार आठवड्यांच्या वयात ढाळ सुरू होते. शेपटी घाण, पोट ओढलेलं, कधी हगवणीत रक्त. ही बहुतेक वेळा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया, आणि ती येते ओल्या जमिनीतून. करडांचा कप्पा वेगळा आणि कोरडा ठेवा. वरची माती दर आठवड्याला काढून चुना भुरभुरा. पाण्याचं आणि खुराकाचं भांडं एवढं उंच ठेवा की त्यात लेंड्या पडणार नाहीत. ढाळ लागली तर दूध बंद करा, हा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा आणि पुढं चला. दूध चालू ठेवा, मधल्या वेळात दवाखान्यातलं ओआरएस द्या आणि लेंडीचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका.

याच वयात कोवळा पाला टांगून ठेवा आणि मूठभर मका भरडा द्या, म्हणजे पोट चाऱ्याला सरावतं. हळूहळू वाढवा. एकदम जास्त धान्य मिळालं की आंत्रविषार होतो, आणि तो कळपातलं सगळ्यात टुमटुमीत करडू उचलतो. रात्री उड्या मारत होतं, सकाळी मेलेलं. गावात नजर लागली म्हणतात. त्याची लस तिसऱ्या महिन्यात, पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी, आणि मग दरवर्षी पावसाळ्याआधी. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस तीन महिन्यांनंतर, ती साधारण तीन वर्षं पुरते. लस बर्फाच्या डब्यातूनच आणा. मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात तापलेली बाटली टोचून उपयोग नाही.

अडीच-तीन महिन्यांनी दूध तोडा. तोपर्यंत शेळीचं दूध विकू नका.

विक्री

पहिल्या दिवसापासून टांगत्या काट्यावर पंधरा दिवसांनी वजन घ्या. दिवसाला ऐंशी ते शंभर ग्रॅम वाढ चांगली. थांबली तर जंत आहेत किंवा चारा कमी आहे. बोकड आखाडात, बकरी ईदला आणि कंदुरीच्या दिवसांत विका, पण व्यापारी दारात यायच्या आधी वजन तुमच्या वहीत असू द्या. तो पाठीवर हात ठेवून "अठरा भरंल" म्हणाला, तर काटा पुढं करा. न तोलता अंगावरच सौदा करायचा असा त्यानं हट्ट धरला तर पुढच्या व्यापाऱ्याला फोन लावा. आणि जुळ्यांतल्या चांगल्या वाढलेल्या पाटी कितीही भाव आला तरी विकू नका, त्या कळपातच ठेवा.