प्रेम पण, तपास पण, आणि सोलापूर पण : अशी गोष्ट लिहिताना या चुका टाळा

कॉलेजातली दोन पोरं, एक चोरी, पोलीस मनावर घेत नाहीत म्हणून हे दोघंच शोधायला निघतात आणि शोधता शोधता प्रेमात पडतात. लिहायला घेताना लई सोपं वाटतं. मग सातव्या-आठव्या प्रकरणात गाडी रुतते, कारण प्रेम एकीकडे चाललेलं असतं आणि तपास भलतीकडेच.

बाकी चुका नंतर, आधी हीच बघू, कारण निम्म्या गोष्टी इथंच मरतात. एक टेस्ट करा. प्रेमाचे सगळे सीन काढून टाका आणि वाचा. चोर तरीही आरामात सापडतोय? मग प्रेम वरून चिकटवलंय. उलटंही करून बघा, चोरी काढली तरी दोघं तसेच जवळ येत असतील तर चोरी कशाला घातली?

समजा गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस आहेत. होम मैदानावर शोभेच्या दारूकामाची संध्याकाळ, अर्धं शहर तिकडं लोटलंय, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यातून नव्या डिझाईनची जेकार्ड कार्डं (मागावर नक्षी ठरवणारी) गायब. चावी एका कामगाराच्या पोराकडं होती, म्हणजे संशय त्याच्यावर. तो त्या वेळी कुठं होता? मैदानावर, कारखान्याच्या मालकाच्या पोरीबरोबर. सांगितलं तर सुटतो पण तिच्या घरी भडका, नाही सांगितलं तर चोर ठरतो, आणि ती गप्प बसली तर ती पण त्यात सामील. बसली गाठ. आता तपास करणं ही तिची हौस राहिली नाही, गरज झाली.

पुढं धागेदोरे तिच्या चुलत्याकडं जायला लागतात, जो धंद्यात भागीदार आहे आणि ज्याला वाटणीच्या आधीच डिझाईन बाहेर विकायचंय. पोराला हे आधी कळतं आणि तो तिला सांगत नाही. भांडण व्हायचंच असेल तर यावरून होऊ द्या की. दुसऱ्या पोरीबरोबर चहा पिताना बघितलं आणि गैरसमज झाला, हे आता बास करा प्लीज.

आणि चोरलेली वस्तू नेमकी काय आहे ते आधी ठरवा. जुन्या जेकार्डवर भोकं पाडलेली कार्डं ओवून लावतात, चादरीच्या एका डिझाईनचा गठ्ठा चांगला जड होतो, जॅकेटात लपवून कोणी नेऊ शकत नाही, गाडी लागणार, आणि गाडी कोणाला तरी दिसणार. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असेल तर नुसती फाईल कॉपी होते, काही गायबच होत नाही. दोन्ही चालतं, पण तपास पूर्ण वेगळा होतो.

वेळेचा घोळ तर कॉमन आहे. हिरो दारूकाम बघत असतो आणि पाच मिनिटात पळत कारखान्यावर पोचतो! कसं काय बे? ते अंतर पळायचं नाही, त्यात गर्दी आणि रस्ते वळवलेले. वहीत तास पाडून लिहून ठेवा, कोण कुठं, कशावरून गेला. यात्रेचा क्रम पण सांभाळा: तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग दारूकाम. अक्षतेच्या दिवशी दारूकाम उडवलं तर सोलापूरचा वाचक तिथंच पुस्तक मिटतो. रात्री अकराला भुईकोट किल्ल्यात गुपचूप भेटवू पण नका, तो पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिकीट काढून दिवसा बघायचा किल्ला तो.

पोलिसांचं म्हणाल तर दोन टोकं टाळा, एकदम मूर्ख किंवा सख्ख्या मामासारखे मदतीला धावणारे. कॉल रेकॉर्ड पोरांना कोणी ओळखीचा काढून देत नाही, ते कायदेशीर मागणी करून पोलीसच मिळवतात. कॅमेऱ्याचं फुटेज महिनोन्महिने पडून नसतं, डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, म्हणून ही घाई कथेत वापरा, फुकटचा सस्पेन्स आहे. गोष्ट 1 जुलै 2024 नंतरची असेल तर हवालदाराच्या तोंडी नवीन चोरीसाठी भादंविचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम नको, तेव्हापासून भारतीय न्याय संहिता आहे. दोघांचं वय 18 च्या पुढं ठेवा, नाहीतर घरच्यांनी तक्रार केली की सगळी गोष्ट पॉक्सोकडं (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) वळते आणि तुमची चोरी राहते बाजूला.

सोलापूर म्हणजे चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी एवढंच दाखवलं की झालं, असं नाही. बऱ्याच भागात नळाला पाणी काही दिवसाआड येतं. ज्या रात्री पाणी असतं त्या रात्री गल्ली जागी असते, बायका-पोरं घागरी आणि मोटार घेऊन दारात. चोरटा नेमका त्या रात्री गल्लीतून गेला तर साक्षीदार लायनीत उभे आहेत! पूर्व भागातल्या कित्येक घरात तेलुगू बोलतात. ती तेलुगू घरातली असेल तर चुलत्याचं फोनवरचं बोलणं तिला कळेल, शेजारी उभ्या त्याला नाही, आणि ती त्याला अर्धंच सांगेल. एकाच सीनमध्ये क्लू पण आणि दोघांमधली पहिली लपवाछपवी पण.

पोरांना पुण्याचं बोलायला लावू नका. "अरे, तू काय करतो आहेस?" असं पार्क चौपाटीवर कोण बोलतंय. "काय करायलास बे?" असं पाहिजे. पण प्रत्येक वाक्यात बे घातला तर कॉमेडी होते, जरा बेतानं.

शेवट अडकला असेल तर बघा, चोर स्वतः उभं राहून दोन पानं कबुली देतोय का. काढून टाका ते. मारामारी पण काढा. पोरीला चौकीत जबाब द्यायला बसवा, शेजारी वडील, समोर फौजदार, आणि पहिला प्रश्न : त्या संध्याकाळी तुम्ही कोणाबरोबर होता? ती नाव घेते की नाही, हा तुमचा क्लायमॅक्स.