ब्लूप्रिंट फ्रेमला टाकण्याआधी

जुन्या वाड्याचा किंवा कारखान्याचा निळा नकाशा भिंतीवर लावायचा असेल, तर आधी ती ब्लूप्रिंटच आहे ना ते बघा. निळ्यावर पांढऱ्या रेघा असल्या तर हो. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघा म्हणजे अमोनिया प्रिंट. तिचं शास्त्र वेगळं.

हात कोरडे, धूळ मऊ ब्रशने, गुंडाळी जबरदस्तीने उलगडायची नाही. स्कॅन करून घ्या. स्कॅनची प्रत लावून भागत असेल तर मूळ नकाशा फडताळातच राहू द्या.

आता माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये नकाशाला टेकणारा जाड पुठ्ठा. फ्रेमवाल्याला नुसतं ‘अ‍ॅसिड-फ्री द्या’ म्हणू नका. मागच्या वेळी मी तेवढंच म्हटलं. अ‍ॅसिड-फ्री बोर्डात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, मिसळलेला असतो. साध्या कागदपत्रांना तो मानवतो. पण ब्लूप्रिंटचा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, लोखंडाचं संयुग. खडूसारखी अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) लागली, त्यात पावसाळी दमट हवा, की तो मोडतो. बोर्ड टेकतो तिथे कडेने पिवळट-तपकिरी पट्टा उठतो आणि तो निळा परत येत नाही. म्हणून ‘अनबफर्ड’, म्हणजे खडू न मिसळलेला, मागा. दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणेल. एकच नाही! लेबल स्वतः वाचा. याच कारणाने चुन्याच्या ओलसर भिंतीला फ्रेम चिकटून नको. मागे लाकडाचे तुकडे लावा. साबण-सोड्याचं फडकं तर लांबच.

उजेडाने उडालेल्या निळ्याची गोष्ट वेगळी. उजेडात रंगातल्या लोखंडाला इलेक्ट्रॉन मिळतो आणि निळा फिकटतो. अंधारात ठेवला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे बराचसा परततो. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली काढलेल्या या छपाईची ही गंमतच आहे, पण फुकटची नाही. तो इलेक्ट्रॉन बऱ्याचदा खालच्या कागदातूनच येतो, म्हणजे रंग सावरतो आणि कागद झिजतो. रंग तोच असला तरी कागद कसला आहे, त्यावर तो किती झपाट्याने उतरणार ते ठरतं. शेजारचा नकाशा टिकलाय म्हणून तुमचा टिकेल असं धरून चालू नका. ऑक्सिजन शोषणारी पुडी घालून फ्रेम हवाबंद करण्याचा शहाणपणाही इथे नको. निळा परतणार कशाने? यूव्ही (अतिनील) किरण अडवणारी काच लावा, पण दिसणाऱ्या उजेडातही हा रंग उतरतो. संग्रहालयं उजेड ५० लक्सच्या आसपास, म्हणजे मंदच, ठेवतात, तेव्हा खिडकीसमोरची भिंत बाद.

बाकी: हार्डबोर्ड नको, सेलोटेप नको, फेविकॉल अजिबात नको. काच कागदाला टेकू नये. काही महिन्यांनी उतरवून अंधारात, सपाट ठेवा. आणि फ्रेमवाला चुका ठोकायला घेईल तेव्हा समोर उभं राहून विचारा, अनबफर्डच ना? पुढचा माउंटही आणि मागचा पुठ्ठाही.