मुलं लहान, हातात नोकरी आणि नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय? या चुका टाळा

नर्सिंगचा विचार करणारे आई-वडील आधी फी विचारतात. विचारायला हवे ते ड्युटीचे तास. घरातली खरी ओढाताण तिथेच सुरू होते.

नोकरी चालूच ठेवता येईल असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) असो, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूती पदविका) असो की बी.एस्सी. नर्सिंग, परिचारिका होण्याचा मूळ कोर्स पूर्णवेळ असतो. जीएनएम आणि बी.एस्सी.च्या परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळी 80 टक्के हजेरी लागते, आणि प्रमाणपत्र मिळण्याआधी प्रॅक्टिकलचे तास 100 टक्के पूर्ण करावे लागतात. मुलाला ताप आला म्हणून पाच दिवस वॉर्ड बुडाला तर ते पाच दिवस माफ होत नाहीत, नंतर भरून द्यावे लागतात.

‘यायची गरज नाही, हजेरी आम्ही लावू’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. सलाइन लावायला, प्रसूतीत बाळ हातात घ्यायला तिथे कुणी शिकवणार नाही, आणि उद्या पेशंटसमोर तुम्हीच उभे असाल. घरबसल्या होणारा मूळ कोर्स नसतो. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. कोर्सचं नाव ऐकून फसू नका, तो आधीच नोंदणीकृत असलेल्या परिचारिकांसाठी आहे.

ड्युटीचा तक्ता घरात लावून न पाहणं

कॉलेजातून चालू वर्षाचा क्लिनिकल रोटेशन प्लॅन, म्हणजे कोणत्या वॉर्डात कधी ड्युटी याचा तक्ता, मागा. नाईट ड्युटी कोणत्या वर्षी, किती, आणि पोस्टिंगचं हॉस्पिटल घरापासून किती लांब, हे त्यातून कळतं. मग एका दिवसाचा हिशोब मांडा. सकाळची ड्युटी 8 ची, हँडओव्हरसाठी (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घेण्यासाठी) 7:45 ला वॉर्डात हजर, प्रवास एक तासाचा, म्हणजे घर 6:45 ला सोडायचं. शाळेची व्हॅन येते 7:20 ला. मधली 35 मिनिटं कोण सांभाळणार? ‘बघू कुणीतरी’ हे उत्तर चालत नाही. सासूबाई, शेजारच्या काकू, पाळणाघर, जे असेल ते नाव लिहा. ती व्यक्ती आजारी पडली तर कोण, तेही लिहा. फी भरण्याआधी महिनाभर याच वेळा पाळून पाहा.

फक्त फीचा हिशोब करणं

समजा घरखर्च 22 हजार आणि जोडीदाराचा पगार 16 हजार. महिन्याला 6 हजारांची तूट. जीएनएमची तीन वर्षं, शिवाय निकाल, नोंदणी आणि पहिला पगार यांसाठी सहा महिने धरा. 42 महिन्यांचे होतात 2 लाख 52 हजार, आणि यात फी, गणवेश, प्रवास नाही. एवढी सोय नसेल तर वर्षभर थांबून पैसे साठवणं शहाणपणाचं.

मुलींसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देणारा राज्य सरकारचा 2024 चा निर्णय आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, प्रवर्गाची अट आहे आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने सीट घेतली की ही सवलत जाते.

कोर्स ऐकीव माहितीवर निवडणं

बी.एस्सी. चार वर्षांचं, बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएमला कला-वाणिज्यवालेही पात्र ठरतात. एएनएम दोन वर्षांचं आणि फक्त महिलांसाठी. वयाची वरची मर्यादा साधारण 35 आहे, तेव्हा ‘धाकटी पहिलीत गेली की बघू’ म्हणताना आपलं वयही मोजा. कॉलेजचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि भारतीय परिचर्या परिषद यांच्या चालू वर्षाच्या यादीत स्वतः शोधा. एजंटने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

कागद आणि लस शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पडताळणीत फॉर्म अडकतो. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढा. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. जातीचा दाखला माहेरच्या कागदांवरच मिळतो, त्याला वेळ लागतो.

वॉर्डात सुई टोचण्याचा धोका रोजचा, म्हणून रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लस हवीच. डोस तीन: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. म्हणून पहिला डोस प्रवेशाचा फॉर्म भरतानाच घेऊन टाका.