देशात पहिल्यांदाच सापडलेला बॅक्टेरिया? नोंद करण्याआधी या चुका टाळा

आधी हे नीट समजून घ्या, जगासाठी नवीन प्रजाती वेगळी आणि देशासाठी नवीन नोंद वेगळी. दुसऱ्या प्रकारात प्रजातीचं वर्णन कुठेतरी आधीच झालेलं असतं, नावही असतं, फक्त आपल्याकडच्या मातीत-पाण्यात ती आहे हे कुणी दाखवलेलं नसतं. दक्षिण कोरियात हे काम पद्धतशीर चालतं आणि तिथल्या याद्यांमध्ये १६एस जीन (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) टाइप स्ट्रेनशी, म्हणजे त्या प्रजातीचा अधिकृत नमुना असलेल्या कल्चरशी, ९८.७ टक्के किंवा त्याहून जास्त जुळला की ती ओळखीची प्रजाती धरतात.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सिक्वेन्स आला की ब्लास्टला (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवून बघणाऱ्या ऑनलाइन साधनाला) टाकायचा आणि सगळ्यात वर जे नाव दिसेल ते उचलायचं, असं करू नका, कारण त्या डेटाबेसमध्ये चुकीची नावं लागलेले सिक्वेन्सही भरपूर आहेत, म्हणून टाइप स्ट्रेनशीच तुलना करा आणि तीही जवळपास पूर्ण १,५०० बेसची, ५००-६०० च्या तुकड्यावर नाही. आणि ९९.९ टक्के जुळलं म्हणून लगेच खूश होऊ नका, बॅसिलस सेरियस आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस १६एसवरून वेगळे ओळखूच येत नाहीत, अशा जवळच्या प्रजातींमध्ये जीनोम करून एएनआय (दोन जीनोम सरासरी किती टक्के जुळतात तो आकडा) बघावाच लागतो, एकच प्रजाती धरायची त्याची सीमा साधारण ९५-९६ टक्के.

सिक्वेन्सिंगचा ग्राफ उघडून बघताय ना? एकाच जागी दोन रंगांची शिखरं एकमेकांवर चढलेली दिसली तर बहुतेक वेळा कल्चर मिक्स असतं. मोठ्या चिकट कॉलनीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी दुसरी लपलेली असते, ती लूपबरोबर (कॉलनी उचलायच्या तारेच्या कडीबरोबर) उचलली जाते. परत स्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून पातळ पसरवा, एकटी कॉलनी घ्या, निदान दोन-तीनदा तरी.

प्लेट दोन दिवसांत फेकून देणं तर मला बघवत नाही! न्यूट्रिएंट अगारवर ३७ अंशाला भराभर वाढणारे तेच ते नेहमीचे बॅक्टेरिया येणार. आर२ए सारखं कमी पोषणाचं मीडियम घ्या, तापमान नमुन्याच्या जागेला शोभेल असं ठेवा आणि दोन-तीन आठवडे थांबा, प्लेट सुकू नये म्हणून पॅराफिल्म लावा. सोबत नमुना न टाकलेली एक कोरी प्लेट हवीच, नाहीतर तुमच्या त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस जंगलातला रहिवासी म्हणून यादीत जाईल.

जागेचे जीपीएस आकडे, तारीख, पीएच तिथल्या तिथे लिहा, आणि शुद्ध कल्चरचा ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला ठेवून एक प्रत कल्चर कलेक्शनला द्या.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. "आपल्याकडे नोंद नाही" म्हणायच्या आधी जुन्या नावानेही शोधा. प्रीस्टिया मेगाटेरियम हे नाव २०२० मधलं, त्याआधीचे सगळे पेपर बॅसिलस मेगाटेरियम नावानेच आहेत. एलपीएसएनवर (बॅक्टेरियांच्या अधिकृत नावांची ऑनलाइन यादी) प्रजातीची सगळी नावं दिसतात, ती एकेक करून आपल्या देशाच्या नावासोबत सर्च करा, जुने प्रबंधही बघा.